रानातली कर्टुली आणि तिचा ‘वांझ’ वेल

(मंडळाच्या वर्धापनदिनी झरी येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे कुणी पाककृतीवर बोलते, कुणी आरोग्यावर. या खेपेस कार्यकारिणीने मला रानभाजीवर बोलावयास सांगितले. आता तरोटा, कुर्डू, घोळ, पाथरी, तांदुळजा या तर तुम्ही सगळ्याजणी ओळखता. खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत घेऊनच येते. त्यांच्याविषयी मी नवीन ते काय सांगणार? म्हणून मी एकच वेल निवडला आहे, तो म्हणजे कर्टुलीचा. कर्टुली खाणाऱ्या आपणांत पुष्कळ आहेत. परंतु फळ नसताना तिचा वेल ओळखणाऱ्या थोड्या, आणि घरी लावून फळ धरवणाऱ्या तर एका हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील.

हिला कुणी करटुली म्हणते, कुणी कर्टोली, कुणी रानकारली. विदर्भात काटवल म्हणतात, हिंदी मुलखात ककोडा किंवा खेकसा, गुजराथेत कंकोडा. नावे अनेक असली तरी फळ एकच. सुपारीहून मोठे, लिंबाएवढे, हिरवे, अंगावर मऊ काटे. कारल्याचीच ही बहीण, पण कडू नाही. म्हणून मिठात चुरून पाणी काढण्याची यातायात हिला करावी लागत नाही.

आपल्या झरीची जमीन काळी. पूर्वी बांधावर बोरीबाभळीचे कुंपण असे आणि त्यावर पावसाळ्यात नाना वेल चढत. आता बांध कोरून कोरून सुतासारखे झाले, कुंपणे गेली, आणि जे उरले त्यावर तणनाशकाचा पंप फिरतो. तणनाशकाला तण कोणते नि भाजी कोणती ते काय कळणार? त्यामुळे कर्टुली आता बहुधा जिंतूरच्या डोंगराकडून येते. तांड्यावस्त्यांवरच्या बाया पहाटे उठून डोंगर हिंडतात आणि पाटीभर कर्टुली आणतात. गेल्या आषाढात मी पाव किलोला पन्नास रुपये मोजले. त्या बाईच्या हातावरचे ओरखडे पाहिले आणि घासाघीस केली नाही.

प्रथम ओळख सांगते. हा वेल वर्षानुवर्षे जगतो, परंतु बारा महिने दिसत नाही. जमिनीत त्याचा कंद असतो. मृगाच्या आगेमागे, कधी वळवाच्या एखाद्या चांगल्या पावसानेच, त्या कंदाला कोंब येतो. श्रावण-भाद्रपदापर्यंत वेल भरात असतो. दसऱ्यानंतर पाने पिवळी पडू लागतात आणि थंडीत सगळा वेल वाळून जातो. घरची माणसे समजतात, मेला. तो मेलेला नसतो. जमिनीत निजलेला असतो.

पानावरून ओळखू गेले तर फसगत होते, कारण एकाच वेलावर एक पान हृदयासारखे अखंड तर दुसरे तीन किंवा पाच कोनांचे निघते. म्हणून पानाबरोबर तणावाही पाहावा. तणावा म्हणजे वेल ज्याने आधार धरतो तो दोरा. दोडक्याचा तणावा पुढे फाटतो, त्याला फाटे फुटतात, पडवळाचाही तसाच. कर्टुलीचा तणावा एकच, सरळ, बिनफाट्याचा असतो. शिवलिंगीचा वेल लांबून असाच वाटतो, पण तिची फळे गोल, गुळगुळीत आणि पांढऱ्या पट्ट्यांची. ती खाऊ नयेत. कारल्याचा तणावाही एकेरीच असतो, पण कारल्याचे पान फार खोल कातरलेले असते आणि चोळले की कडवट वास येतो. एवढे ध्यानात ठेवले तर बांधावर उभे राहून बराच निवाडा करता येतो.

एक धोका मात्र नीट ऐका. त्याच पावसात, त्याच कुंपणात कळलावी उगवते. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखे तिचे फूल तुम्ही पाहिले असेल. तिच्या पानाचे टोकच वळून आकडी होते, वेगळा तणावा नसतो. तिचाही कंद असतो, नांगराच्या फाळासारखा वाकलेला, आणि तो जहाल विषारी आहे. त्याने माणूस दगावतो. फूल-पान वाळल्यावर नुसत्या अंदाजाने जमीन उकरली तर कोणता कंद हाती येईल सांगता यायचे नाही. म्हणून कर्टुलीचा कंद हवा असेल तर पावसाळ्यात, वेल हिरवा असतानाच खूण करून ठेवावी आणि खूण केलेल्या जागीच नंतर खणावे. लहान मुलांना ‘कंद आण’ म्हणून कधीही पाठवू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पुष्कळ भगिनी म्हणतात, आम्ही कर्टुली लावली, वेल मांडवभर झाला, पिवळी फुले मोप आली, पण फळ एक नाही. मग घरातले म्हणतात, वेल वांझ आहे, उपटून टाका.

भोपळा, दोडका, कारले यांच्या एकाच वेलावर दोन्ही फुले असतात, काही नर, काही मादी. म्हणून एक वेल लावला तरी फळ मिळते. कर्टुलीचे तसे नाही. तिच्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा, पपईच्या झाडांत असतो तसा. माझी भाची परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकते. तिने मला कर्टुलीचे शास्त्रीय नाव सांगितले, मोमॉर्डिका डायोइका. त्यातील डायोइका म्हणजे दोन घरांची. नर एका घरी, मादी दुसऱ्या घरी. हे नाव 1805 साली छापले गेले, आणि ते ज्यांच्यावरून आले ते रॉक्सबर्ग साहेब कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. म्हणजे दोनशे वर्षांमागेच कुणीतरी फुले उलटून पाहिली होती. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही फळ न धरणारा वेल ठाऊक होता. त्यांनी त्याला वन्ध्या कर्कोटकी म्हटले, म्हणजे वांझ कर्टुली. तो वांझ नाही, भगिनींनो. तो नर आहे.

हे मी आपल्या मंडळाच्या बैठकीत पहिल्यांदा सांगितले तेव्हा मागून एक मावशी म्हणाल्या, “म्हणजे बाप्या आहे म्हणायचा! आणि आम्ही इतकी वर्षे त्याला फळ माग माग मागत होतो!” (हशा)

दोन्ही फुले कशी ओळखावी ते सांगते. फूल पिवळे, पाच पाकळ्यांचे, दोहोंचे सारखेच दिसते. पण फुलाच्या मागे पाहावे. मादी फुलाच्या बुडाशी बारीक केसाळ-काटेरी गाठ असते, अगदी इवलेसे कर्टुलेच म्हणा ना. नर फुलाच्या मागे गाठ नसते, नुसता देठ असतो. आणि त्या देठाच्या वरच्या टोकाला एक हिरवे पान असते, जे कळी असताना तिला टोपड्यासारखे झाकून घेते. तान्ह्या बाळाला कुंची घालतो ना, तसे. टोपडे दिसले की नर, गाठ दिसली की मादी. याला चष्माही लागत नाही.

आमच्या गल्लीत एका घरी मादी वेल होता आणि जवळपास नर नव्हता. मादी वेल एकटा असला की निराळेच घडते. फुलामागची गाठ दिसते, घरात आनंद होतो, आणि तीन-चार दिवसांत ती गाठ पिवळी पडून गळते. दोन वर्षे असे झाले. कुणी म्हणाले नजर लागली, कुणी म्हणाले विटाळशी बाईची सावली पडली. त्या घरच्या सुनेला तर त्या वर्षी वेलाजवळ जाऊ देत नव्हते. मी संध्याकाळी जाऊन फुले पाहिली, सगळी गाठीची. तिसऱ्या वर्षी जिंतूरकडच्या एका नातलगांच्या बांधावरून नर कंद आणून तिथे लावला. त्या श्रावणात फळे धरली, आणि सून स्वतः तोडून मला द्यावयास आली.

इथे थोडे विषयाबाहेर जाऊन बोलते. अध्यक्षीणबाईंनी क्षमा करावी. वेलाला वांझ म्हणावयाला आपल्याला क्षण लागत नाही, तसाच बाईला म्हणावयालाही लागत नाही. मूल नाही झाले की तपासणी बाईची, उपासतापास बाईचे, टोमणे बाईला. दोष कधी बाईत असतो, कधी पुरुषात, कधी दोघांत. आणि पुरुषाची तपासणी तर बाईच्या मानाने सोपी असते. तरी किती घरांत लेकाला दवाखान्यात नेतात? आपल्या मंडळात अशा भगिनी आहेत ज्यांना वटसावित्रीला ओटी भरावयास बोलावले जात नाही. मी नावे घेणार नाही. पण ज्या घरांत असे चालते त्या घरांतल्या सासवाही आज इथे बसलेल्या आहेत, म्हणून बोलले.

आता लागवडीकडे वळते. कर्टुली कंदापासून लावावी, हे सगळ्यांत चांगले. कारण कंद ज्या वेलाचा, तसाच वेल होतो. नराचा नर, मादीचा मादी. बियांचे तसे नाही. बियांतून साधारण निम्मे नर निघतात, निम्मे मादी, आणि फूल येईतोवर कोणता कोण हे कळत नाही. शिवाय बी फार हट्टी. ताजे बी लावले तर ढिम्म उगवत नाही. पिकलेले फळ केशरी होऊन फुटते, आत लाल गरात बिया असतात; त्या धुऊन सावलीत वाळवून पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवाव्या आणि दिवसभर पाण्यात भिजवून मग लावाव्या. तरीही सगळ्या उगवतील अशी आशा धरू नये. दहा-बारा लावाव्या, फुले आल्यावर मादी ठेवाव्या, एखाददुसरा नर ठेवावा. बियांच्या वेलाला फळ बहुधा दुसऱ्या वर्षी भरपूर येते. ज्यांना धीर नाही त्यांनी कंदाचीच वाट धरावी. भर पावसात मादी वेलाची दोन-तीन पेरांची फांदी कापून ओल्या सावलीच्या जागी लावली तर तिलाही मुळे फुटतात, पण सगळ्या जगत नाहीत.

आठ ते दहा मादी वेलांमागे एक नर पुरतो. परसात तर दोन मादी आणि एक नर एवढे असले तरी घरापुरती भाजी होते. नर मध्ये लावावा.

आपल्या काळ्या जमिनीत एकच भय, पाणी साचण्याचे. डोंगरउतारावर मुरमाड जमीन असते, पाणी निघून जाते, म्हणून तिथे कंद सुखाने राहतो. आपल्याकडे सतत तीन दिवस झड लागली की काळी माती चिखल होते आणि कंद सडतो. यासाठी खड्डा न करता उंचवटा करावा. मुरूम, पोयटा किंवा गाळाची माती आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून वीतभर उंच वरंबा घालावा आणि त्यात कंद चार बोटे खोल ठेवावा, कोंबाची बाजू वर. दोन वेलांत पाच-सहा फूट अंतर असू द्यावे. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी बुडाला भोके पाडलेल्या जुन्या पिंपात किंवा गोणीत लावले तरी चालते. वेलाला आधार लवकर द्यावा. तुरीच्या किंवा पराटीच्या काट्यांचा ढीग टाकला तरी तो चढतो, पण फळे काढताना हात फाटतात, तेव्हा बांबू व सुतळीचा मांडव बरा.

कोंब फुटल्यापासून सुमारे सव्वा महिन्यात फुले येऊ लागतात. हे फूल दिवसा उमलत नाही. दिवेलागणीला उमलते आणि त्याला मंद वास असतो. अंधारात उडणारे पतंग त्यावर येतात व नराचा पराग मादीला लावतात. दिवसाच्या मधमाश्यांच्या भरवशावर हिला राहता येत नाही, आणि जिथे आजूबाजूला सारखी औषधफवारणी चालते तिथे पतंगही उरत नाहीत. अशा वेळी हे काम आपणच करावे. तिन्हीसांजेला नराचे ताजे उमललेले फूल खुडावे, पाकळ्या मागे दुमडाव्या आणि मधली पिवळी भुकटी मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवावी. एका नर फुलावर चार-पाच मादी फुले होतात. देवापाशी दिवा लावून यावे आणि हे करावे. पाच मिनिटांचे काम आहे. गाठ तीन-चार दिवसांत फुगू लागली की समजावे, धरले.

फळ हिरवे, कोवळे असतानाच तोडावे. बी टणक झाले की भाजीत दाताखाली येते. जितके तोडाल तितकी नवी फुले येतात. फळमाशी मात्र हिला त्रास देते. डंख मारलेले फळ वाकडे होते व आत अळी पडते. ते फळ उकिरड्यावर न टाकता खोल पुरावे, म्हणजे माशी वाढत नाही. कृषी सेवा केंद्रात क्यूल्यूरचे सापळे मिळतात, तेही टांगावेत.

दिवाळीनंतर वेल वाळला की पाणी देणे बंद करावे. पुष्कळांचे कंद दया दाखवण्यापायी जातात; उन्हाळ्यात तुळशीबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी, आणि आत कंद कुजून जातो. आणि त्या जागी काठी रोवून ठेवावी, नाहीतर घरधनी चैत्रात मिरचीचे वाफे करताना कुदळीने कंद फोडून टाकतात आणि वर विचारतात, इथे काय होते?

छत्तीसगडमध्ये रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘इंदिरा कंकोडा-1’ नावाचे वाण काढले आहे आणि तिकडचे शेतकरी ते शेतात लावतात. आपल्या कृषी खात्याचेही अलीकडे पावसाळ्यात ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात. हे चांगलेच आहे. पण महोत्सवात नाव ऐकून लोक डोंगरावर कुदळ घेऊन जाऊ लागले तर मला ते आवडणार नाही. कंद उपटला म्हणजे ती कर्टुली तिथून संपली. फळ तोडले तर वेल पुढच्या वर्षी पुन्हा येतो. ज्या बाया त्यावर चार महिने मीठमिरची चालवतात त्यांच्या ताटातले आपण का काढावे? शिवाय राखीव रानातून परवानगीवाचून काही खणून आणणे हा गुन्हा आहे. कंद घ्यायचा तर ओळखीच्या माणसाच्या बांधावरचा, त्याला विचारून, आणि तिथे दोन-चार असतील तरच एक. त्याहून सोपे म्हणजे पाटीवाल्या बाईला सांगून ठेवावे की चार पिकलेली फळे माझ्यासाठी आण. तिला त्या फळांचे एरवी काही येत नाही, कारण पिवळे पडलेले कर्टुले कुणी घेत नाही. तिला दोन पैसे मिळतील आणि आपल्याला बी. आणि डोंगरावर ‘वांझ’ म्हणून नर वेल कापून टाकण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, ती का मोडावी हेही तिच्याशी बोलता बोलता सांगावे. नर कापले की आजूबाजूच्या मादी वेलांचीही फळे जातात.

भाजीचे फार सांगत नाही. तुम्ही माझ्याहून सुगरणी आहात. फक्त एवढेच की काटे खरवडून काढू नका, चव त्यांतच आहे. गोल चकत्या कराव्या, कांदा-लसणावर परतून झाकण न ठेवता कुरकुरीत होऊ द्याव्या, वरून शेंगदाण्याचा कूट. भिजवलेली हरभऱ्याची डाळ घातली तर थोडी कर्टुली चौघांना पुरते. मोबाइलवर कर्टुलीने हा रोग जातो नि तो रोग जातो असे मजकूर फिरतात. भाजी म्हणून खावी. साखरेच्या गोळ्या तिच्या भरवशावर बंद करू नयेत.

माझ्या परसात या वर्षी सहा मादी व दोन नर वेल आहेत. मादी वेलांना लाल चिंधी बांधली आहे आणि नरांना पांढरी. कुणाला पाहावयाचे असेल त्यांनी श्रावणात संध्याकाळी सहानंतर यावे. दुपारी येऊन मिटलेल्या कळ्या पाहण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर मी जुने कंद फोडणार आहे. डोळा असलेले तुकडे होतील, त्यांतून मंडळाच्या पंधरा-वीस भगिनींना पुरतील असा अंदाज आहे. येताना ओलसर माती भरलेली पिशवी आणि दोन चिंध्या आणाव्या, एक लाल नि एक पांढरी, म्हणजे घरी जाईतो कोणता कंद कोणाचा याचा घोळ होणार नाही. ज्यांची घरे शेजारीशेजारी आहेत त्यांनी दोघींत मिळून एकच नर न्यावा. नर थोडे आहेत, आणि पतंग काही कुंपण पाहून थांबत नाही.